पिशवीत साप गेल्यानंतर

साप निघाला म्हणून फोन आला की पहिला प्रश्न ‘केवढा आहे?’ हा नसतो. ‘आत्ता त्याच्यावर नजर ठेवून कोण उभं आहे?’ हा असतो. रायपूरच्या तात्यापाऱ्यात दोन घरांमध्ये बहुतेक वेळा एकच भिंत असते. तिथे या उत्तरावर पुढची सगळी रात्र ठरते. घरातले सगळे घाबरून रस्त्यावर आले आणि साप नजरेआड झाला, की माळा, शेगडीच्या ओट्याखालची फट, शेजारच्यांची मोरी, सगळं पालथं घालावं लागतं. आणि कुणी एक जण हातात काठी न घेता, दहा फुटांवरून नुसता बघत उभा राहिला, तर काम पंधरा मिनिटांत होतं.

हे मला आमच्याच भागातल्या एका सर्पमित्राकडून कळलं. दिवसा तो गोलबाजारात एका दुकानावर असतो. अंधार पडला की त्याचा फोन वाजू लागतो. पावसाळ्यात मी त्याच्या मागे मोटारसायकलवर बसून बऱ्याच घरी गेले. साप कसा पकडतात ते पाहायला गेले होते. पाहिलं त्यातलं जास्त मोलाचं ते साप पिशवीत गेल्यानंतरचं होतं.

शारदा चौक आणि आझाद चौक यांच्या मधला हा भाग रायपूरच्या जुन्या वस्तीतला. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबं येत राहिली, त्यांतली बरीच घरं इथे आहेत. आमच्या मराठीत हिंदी आणि छत्तीसगढी इतकी मुरली आहे की नागपूरचे पाहुणे हसतात. कौलारू घर पाडून तिथे तीन मजले उभे राहतात, पण मागची नाली आणि मोरीचं भोक जुनंच राहतं. दुकानांच्या गोदामात धान्य, धान्यामागे उंदीर, दिव्याखाली पाली, नालीत बेडूक. सापाला एवढं पुरतं. तो जंगलातून वाट चुकून येत नाही, तो इथला रहिवासी आहे. दोन-तीन दिवस झड लागली आणि बिळांत पाणी शिरलं की तो वर येतो, आणि तेव्हाच आपल्याला दिसतो.

फोनवर माणूस काय बोलतो ते सर्पमित्र फार बारकाईने ऐकतो. खेड्यातून आलेली माणसं सापाला नेमकं नाव देतात. असढिया म्हटलं की धामण, डोमी म्हटलं की नाग, करायत म्हणजे मण्यार. शहरात वाढलेल्यांना मात्र प्रत्येक साप काळा, पाच फुटी आणि ‘कोब्रा’च दिसतो. म्हणून तो लांबून काढलेला फोटो मागवतो आणि गाडीला किक मारायच्या आधीच निम्म्या घरांना सांगतो, ‘ही दिवड आहे, विषारी नाही. दार उघडं ठेवा, लहान मुलांना आत घ्या, ती आपणहून जाईल.’ काही घरं ऐकतात. बाकीच्यांकडे जावं लागतं, कारण तो गेला नाही तर काठी चालणार हे त्याला माहीत असतं.

एका किराणा दुकानाच्या गोदामात गव्हाच्या पोत्यांमागे धामण होती, चांगली सात फुटांच्या आसपास. मालकाने उंदीर मारायचं औषध ठेवलं होतं, चिकट सापळे लावले होते, तरी पोती कुरतडलेलीच होती. ‘हीच तुमचं काम करत होती,’ सर्पमित्र म्हणाला. मालक समजूतदार निघाला, ‘मग राहू दे की तिला,’ म्हणाला. पण हमालांनी मान हलवली. पहाटे अंधारात पोती उचलताना पायाशी धामण आली तर ते मारणारच, आणि त्यांना दोष कसा द्यायचा? तिला उचलावं लागलं. जाताना त्याने चिकट सापळे तेवढे काढायला लावले. त्यांत लहान साप अडकतात, सोडवताना त्यांची कातडी सोलून निघते. तेल चोळून तासभर बसलं तरच एखादा वाचतो.

त्याचं सामान थोडं असतं. एक लांब आकडा, टॉर्च, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि प्लॅस्टिकचा पाईप, ज्याच्या एका टोकाला सुती पिशवी घट्ट बांधलेली. चिमटा तो शक्यतो वापरत नाही. दाब जास्त झाला की सापाच्या बरगड्या मोडतात. डोकं दाबून धरणं, शेपटीला धरून उलटं टांगणं, हे त्याच्या कामात नाही.

एका घरात न्हाणीघरात नाग होता, बादलीमागे. सर्पमित्राने आधी सगळ्यांना बाहेर काढलं, पंखा बंद केला, फरशी कोरडी केली. मग पाईपचं उघडं तोंड भिंतीच्या कोपऱ्याला टेकवून ठेवलं आणि आकड्याने बादली हळूच सरकवली. नागाने फणा काढला. आम्ही दारात श्वास रोखून उभे, आणि हा माणूस काहीच करत नव्हता, नुसता स्थिर उभा होता. थोड्या वेळाने फणा खाली गेला, नाग भिंतीच्या कडेने सरकू लागला आणि समोरचं अंधारं भोक दिसताच आपणहून पाईपात शिरला. त्याला बिळात जायचं होतं, तसंच बीळ त्याच्या वाटेत ठेवलेलं होतं. पाईप उभा केला, साप पिशवीत उतरला, पिशवीच्या तोंडाला पीळ, त्यावर दोन गाठी. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइल धरून उभा होता. ‘भैया, एक बार फन तो दिखाओ!’ सर्पमित्राने पिशवी उघडली नाही. ‘फन तेव्हाच निघतो जेव्हा तो घाबरतो,’ एवढंच म्हणाला.

इथे मला नीलिमकुमार खैरे आठवतात. 1980 साली पुण्यात ते काचेच्या खोलीत 72 विषारी सापांबरोबर 72 तास राहिले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे लोकांना डोळ्यांनी पाहता यावं म्हणून. पुढे 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान झालं, आणि दिसला साप की मार असं म्हणणाऱ्या कितीतरी मराठी घरांत सर्पमित्राचा फोन नंबर लिहून ठेवला जाऊ लागला. त्या काळी तसं दाखवणं गरजेचं होतं असं मला मनापासून वाटतं. आज प्रत्येक हातात कॅमेरा आहे आणि नागाला हाताळण्याचे व्हिडिओ पाहून पंधरा-सोळा वर्षांची मुलं साप धरायला जातात. आता न दाखवण्याचीच गरज आहे.

कायदाही तेच सांगतो. नाग, घोणस, धामण आणि दिवड हे साप 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्यांना मारणं किंवा बाळगणं यासाठी किमान तीन वर्षांची कैद आहे. साप पकडणाऱ्यालाही वन विभागाला कळवावं लागतं. कुणीही उठून साप धरावा अशी मोकळीक नाही. रायपुरात नोवा नेचर वेल्फेअर सोसायटीसारखी संस्था हे काम करते.

पण मी ज्याबद्दल सांगते आहे ते पिशवीला गाठ पडल्यावर सुरू होतं. माणसं ‘थँक्यू भैया’ म्हणून दार लावायच्या बेतात असतात आणि हा टॉर्च घेऊन परत आत शिरतो. न्हाणीघराच्या मोरीला जाळी नाही. मागच्या दाराखाली दोन बोटं फट आहे. जिन्याखाली जुन्या विटा, फुटकी कुंडी, गेल्या दिवाळीपासूनची रद्दी. तो प्रत्येक जागेवर टॉर्च धरतो आणि घरच्या बाईलाच विचारतो, ‘काकू, इथून काय आत येईल?’ सांगत नाही, विचारतो. जुलै-ऑगस्टमध्ये नागाची पिल्लं अंड्यांतून बाहेर पडतात, एक दिसलं तर जवळपास आणखी असू शकतात, आणि वीतभर पिल्लालाही जन्मापासून विष असतं. हे ऐकल्यावर विटा त्याच रात्री हलतात.

सगळ्यात जास्त वेळ तो मण्याराच्या घरी देतो, आणि मला वाटतं याच एका सापासाठी हे सगळं काम उभं राहायला हवं. एका रात्री साडेबाराच्या पुढे फोन आला. एका खोलीत पाच माणसं जमिनीवर झोपलेली, आजी पाणी प्यायला उठल्या, दिवा लावला तर नातवाच्या उशीपासून हातभर अंतरावर काळा, चकचकीत साप. गेल्यावर आधी पाहायचं असतं ते पट्ट्यांकडे. कवड्याही काळपट आणि पट्ट्यांचाच असतो, तो बिनविषारी, पाली खाणारा, भिंतीवर सरसर चढणारा. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्याराचं उलटं, मानेजवळ पट्टे नसतात किंवा अंधूक असतात, शेपटीकडे जोडीजोडीने ठळक होतात. दर पावसाळ्यात कितीतरी कवडे मण्यार समजून मारले जातात. हा मात्र मण्यारच होता.

साप पिशवीत गेल्यावर सर्पमित्र त्या खोलीत जमिनीवर बसला. आजींना म्हणाला, ‘आजी, कुणाला काही टोचल्यासारखं झालं? पोटात दुखतंय? डोळे जड वाटतायत?’ एकेकाला पापण्या वर उचलायला लावल्या. मण्यार रात्री फिरतो, आणि अंगावर हात पडला की झोपेतल्या माणसाला चावतो. त्याचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या मिटू लागतात, बोलणं जड होतं, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. वेळेवर रुग्णालयात पोचलेला माणूस श्वासाच्या यंत्रावर काही दिवस काढून पूर्ण बरा होऊन चालत घरी येतो. फरक फक्त मधल्या तासांचा आहे, आणि ते तास बैगा-गुनियाच्या, म्हणजे मांत्रिकाच्या, दारात जातात.

मग त्याने सांगितलं ते साधंच होतं. दंशाची शंका आली तरी आवळून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, चालवायचं नाही. सरळ मेकाहारा हे सरकारी रुग्णालय किंवा एम्स. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच असतं. आणि आज रात्रीपासून मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचलेली. त्या घरात मच्छरदाणी नव्हती. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांनी दोन आणून दिल्या.

2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात साप चावून सुमारे बारा लाख माणसं गेली, दर वर्षी सरासरी 58 हजार, असं 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. त्यांतली बहुतेक खेड्यातली, गरीब घरातली. सापांची बाजू घेणाऱ्याने हा आकडा आधी उच्चारावा, असं माझं ठाम मत आहे. ज्या घराला आपल्या लेकराची भीती आहे त्याला ‘तो निसर्गाचा भाग आहे’ असं सांगून काही होत नाही. त्या घराची झोप सुरक्षित केली की काठी आपोआप खाली येते. हे मी त्या खोलीत पाहिलं.

पिशवीतल्या सापाचं पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक गल्लीत विचारला जातो. ‘दूर जंगलात सोडून या, परत यायला नको.’ लोकांना वाटतं ते सापाचं भलं आहे. कर्नाटकात आगुंबेच्या परिसरात अंगात ट्रान्समीटर बसवून केलेल्या अभ्यासात, दूर नेऊन सोडलेला नागराज आपल्या जागी राहणाऱ्या नागराजापेक्षा कितीतरी जास्त भटकताना दिसला. भटकणारा साप रस्ते ओलांडतो, अनोळखी घरांत शिरतो, मारला जातो. म्हणून साप शक्य तितका जवळ, वस्तीपासून जरा बाजूला, तशाच प्रकारच्या जागेत सोडणं बरं. पण तात्यापाऱ्यात ‘जवळ’ म्हणजे कुठे? इथे रिकामी जागा उरली आहे कुठे? एका काकांनी त्याला तोंडावर विचारलं, ‘तुझ्या घरामागे सोडशील का?’ तो म्हणाला, ‘माझ्या घरामागे आहेतच, काका. मोरीला जाळी लावली आहे.’ काकांचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही. दाट शहरात या प्रश्नाला चांगलं उत्तर नाही, कमी वाईट उत्तर आहे, आणि ते प्रत्येक सापामागे वन विभागाशी बोलून नव्याने ठरवावं लागतं.

नागपंचमीला आमच्याकडे पाटावर नाग काढतात, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवतात, त्या दिवशी चिरणं-तळणं वर्ज्य, म्हणून दिंडं करतात. त्याच घरात आदल्या आठवड्यात साप मारलेला असू शकतो. यंदा गल्लीतल्या बायकांनी पूजेनंतर थोडे-थोडे पैसे काढले आणि मोऱ्यांना बारीक भोकांच्या जाळ्या बसवून घेतल्या. गवंड्याने एका दिवसात आमची ओळ पुरी केली. समोरच्या ओळीतली काही घरं भाड्याची आहेत. भाडेकरू म्हणतात मालकाला विचारा, मालक म्हणतात पुढच्या महिन्यात बघू. पाऊस सप्टेंबरअखेरपर्यंत चालेल. मी दर रविवारी त्यांना फोन करते आहे.