अटक झाली होती; आता एमबीबीएसला प्रवेश मिळेल का?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलमध्ये रेंज नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय. बोलल्यासारखंच लिहिलंय, सांभाळून घ्या.

आजचा विषय तुमच्याच व्हॉइस नोट्समधून आलाय. एकजण म्हणतो, "दादा, आंदोलनात पोलिसांनी गाडीत घालून नेलं, संध्याकाळी सोडलं. आता नीटला मार्क चांगले पडलेत, पण घरचे म्हणतात तुझं रेकॉर्ड खराब झालं." दुसऱ्याचं हॉस्टेलच्या गेटवर भांडण झालं होतं, त्याच्यावर मारामारीचा गुन्हा आहे. आणि एका मुलीचं तर वेगळंच. तिच्या वहिनीने सासरच्यांविरुद्ध तक्रार दिली, त्यात नणंद म्हणून हिचंही नाव आलं. वय १९, दुसऱ्यांदा नीट दिलेली. खरं-खोटं कोर्ट ठरवेल, पण प्रवेशाची यादी कोर्टासाठी थांबत नाही ना!

मी फौजदारी कोर्टात वकिली करतो, त्यामुळे हे प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. आधी उत्तर देतो, मग सविस्तर बोलू. नुसती अटक झाली किंवा नुसता एफआयआर झाला म्हणून एमबीबीएसची दारं बंद होत नाहीत. पात्रतेच्या अटी बघा: १२वीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्रजी, वयाची १७ वर्षं, आणि नीट. यात "कधी अटक झालेली नसावी" अशी अट नाही.

जाता जाता एक गैरसमज काढून टाकतो, कारण यावर मला खरंच फोन आलेत. कागदपत्रांच्या यादीत 'नॉन क्रिमीलेयर' असतं. बरेच लोक त्याला 'नॉन क्रिमिनल' म्हणतात आणि ज्याच्यावर केस आहे तो पोरगा घाबरून तहसीलला जातच नाही. अरे बाबांनो, ते क्रीम म्हणजे साय! उत्पन्नाचा दाखला आहे तो. गुन्ह्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे "केस झाली" या एकाच शब्दात सगळं कोंबतात. कायद्यात मात्र त्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. आंदोलनाआधी किंवा आंदोलनात खबरदारी म्हणून उचललं, तर ती प्रतिबंधात्मक अटक. पूर्वी तिला '१५१ लावलं' म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात हे कलम १७० आहे. त्यात तुम्ही गुन्हा केला असं कुणी म्हणतच नाही, गुन्हा होऊ नये म्हणून धरलं एवढंच. चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड लिहून घेतात ती 'चॅप्टर केस', तीही शिक्षा नव्हे. 'एनसी' म्हणजे अदखलपात्र, साधी नोंद. त्यापुढे एफआयआर, म्हणजे तपासाची सुरुवात. मग चार्जशीट, म्हणजे पोलिसांचं म्हणणं. मग खटला. आणि शेवटी निकाल. 'शिक्षा झालेला' हा शिक्का फक्त शेवटच्या पायरीवर बसतो, तोही दोषी ठरलात तर.

पण या शेवटच्या पायरीवर आपली पोरं स्वतःहून उडी मारतात, आणि त्याबद्दल मला आज सगळ्यात जास्त बोलायचंय.

काय होतं बघा. छोटी केस असते. सार्वजनिक ठिकाणी आरडाओरडा, पत्त्यांच्या अड्ड्यावर सापडलेला ग्रुप, दारू पिऊन गाडी चालवणं. कोर्टात तारखा पडतात. कुणीतरी अनुभवी काका सल्ला देतो, "कबूल कर, दंड भर, मोकळा हो. कशाला हेलपाटे घालतोस?" पोरगा उभा राहतो, "हो साहेब, गुन्हा कबूल", पाचशे-हजार भरतो आणि बाहेर येऊन वडापाव खातो. सुटलो! पण सुटला नाही तो. गुन्हा कबूल करून कोर्टात भरलेला दंड ही शिक्षाच आहे. उद्या फॉर्ममध्ये "तुम्हाला कधी न्यायालयाने दोषी ठरवलं आहे का?" असं विचारलं, तर खरं उत्तर 'हो' आहे. जो मारामारीच्या केसमध्ये चार वर्षं तारखा करून निर्दोष सुटला, तो इथे 'नाही' लिहू शकतो, आणि पाचशे रुपये भरून आलेला लिहू शकत नाही. उलटं वाटतं, पण असंच आहे.

यात ट्रॅफिकचं ई-चलान येत नाही. हेल्मेट नव्हतं, सिग्नल तोडला, मोबाईलवर दंड भरला, तर ती तडजोड असते, दोषसिद्धी नाही. दारू पिऊन गाडी चालवणं, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, तडजोडीच्या यादीत नाही. ते कोर्टातच जातं. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

म्हणून कबुली देण्याआधी वकिलाला एक प्रश्न विचारा: "प्रोबेशन मिळेल का?" १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा आहे. २१ वर्षांखालच्या मुला-मुलीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, कारण लिहिल्याशिवाय तुरुंगात पाठवू नये असं तो सांगतो. आणि त्याचं कलम १२ तर सोनं आहे: या कायद्याखाली ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. हे आपोआप मिळत नाही, मागावं लागतं. आणि घाईच्या कोर्टात ते मागायचं राहून जातं.

ज्यांचं वय घटनेच्या दिवशी १८ पेक्षा कमी होतं, त्यांनी इथे जरा नीट लक्ष द्या, कारण नीट देणाऱ्यांत १७ वर्षांचे भरपूर असतात. निकालाच्या दिवशीचं वय बघत नाहीत, घटनेच्या दिवशीचं बघतात. बाल न्याय कायदा २०१५, कलम २४: बाल न्याय मंडळासमोर चाललेल्या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता येत नाही. कलम ७४ आणखी पुढे जातं. प्रकरण निकाली निघालं असेल तर पोलिसांनी त्याची माहिती चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा द्यायची नाही. अपवाद आहे: १६ ते १८ वयात घोर गुन्हा, आणि न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवला, तर कलम २४ चं संरक्षण नाही. बाकीच्यांना कायद्याने कोरी पाटी दिलेली आहे. आईबापांना हे माहीत नसतं आणि ते पोराला 'तुझं आयुष्य गेलं' म्हणून रोज ऐकवतात. त्यांना हा भाग फॉरवर्ड करा.

आता फॉर्म. माझ्या अनुभवात करिअर अडकतं ते फॉर्ममध्ये लिहिलेल्या उत्तरामुळे. अटक त्या मानाने कमी वेळा आडवी येते. कॉलेजच्या हमीपत्रात, शपथपत्रात "माहिती खोटी आढळल्यास प्रवेश रद्द" अशी ओळ असते. ती शोभेची नाही. पहिल्या वर्षी कुणी बघत नाही, आणि तिसऱ्या वर्षी कुणाशी तरी वाजलं की तोच माणूस तुमचा एफआयआर डाउनलोड करून डीनच्या टेबलावर ठेवतो. हो, डाउनलोड. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने संवेदनशील प्रकरणं सोडून बाकी एफआयआर वेबसाइटवर टाकायला सांगितले. लपवायला जागाच राहिली नाही.

मग सगळं सांगून टाकायचं का? तसंही नाही! प्रश्न शब्दशः वाचा. "कधी अटक झाली आहे का?", "गुन्हा दाखल आहे का?", "खटला प्रलंबित आहे का?", "शिक्षा झाली आहे का?" हे चार वेगळे प्रश्न आहेत. प्रलंबित खटल्याबद्दल विचारलं आणि तुम्ही निर्दोष सुटलेले आहात, तर उत्तर 'नाही'. अटकेबद्दल विचारलं, तर सुटलात तरी उत्तर 'हो', आणि पुढच्या रकान्यात निकालाची तारीख. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे. तो नोकरीच्या पडताळणीबद्दल आहे, पण त्यातला विचार इथे उपयोगी पडतो. कोर्ट म्हणालं की माहिती खरीच द्यायची, पण फॉर्मनेही नेमकं विचारलं पाहिजे. जे नेमकं विचारलं तेच सांगणं बंधनकारक. आणि कोवळ्या वयात घोषणा दिल्या, किरकोळ काही केलं, ते सांगायचं राहिलं, तर नेमणूक करणारा ते दुर्लक्षित करू शकतो. 'करू शकतो' हं, करेलच असं नाही. त्या भरवशावर खोटं लिहू नका.

दाखल्याची पडताळणी कुठे कडक असते तेही सांगतो. पुण्याच्या एएफएमसीतून बाहेर पडणारा डॉक्टर सैन्यात अधिकारी होतो, त्यामुळे तिथे पूर्वेतिहास तपासतात. एमबीबीएसनंतर सरकारी नोकरी घ्याल तेव्हा पोलीस पडताळणी येते. परदेशात शिकायला जाणार असाल तर गाठ पासपोर्टशी पडते. फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्याच कोर्टाची परवानगी आणली तर मिळतो. कोर्टाने मुदत लिहिली नाही तर एकच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जातच कोर्सची वर्षं मागून घ्या.

आणि एक ठिकाण जिथे दार खरोखर बंद होतं: रॅगिंग. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजातून काढतात आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. शिवाय दोन वर्षांपर्यंत कैद. यावर मला सहानुभूती नाही, त्यामुळे पुढे जातो.

आता त्या वहिनीच्या केसमधल्या मुलीसाठी, आणि आंदोलनातल्या मुलांसाठी, कागदांचं. पोलीस ठाण्यात "केस संपली रे, जा" असं तोंडी सांगतात. ते कागद नव्हे. तपासात तुमच्याविरुद्ध काही निघालं नाही तर पोलीस कोर्टात समरी पाठवतात. तक्रार मुद्दाम खोटी असेल तर 'बी', गैरसमजातून झालेली असेल तर 'सी'. 'ए' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. ती वाचून घ्या, फरक मोठा आहे. कोर्टाने समरी मंजूर केल्याचा आदेश हातात पाहिजे. चार्जशीट गेली असेल तर दोषमुक्तीचा अर्ज, किंवा हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज, कलम ५२८. नणंद म्हणून फक्त नाव आहे, कृत्य काहीच सांगितलेलं नाही, अशा प्रकरणांत हायकोर्टाने नातेवाइकांना वगळल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. आंदोलनाचे खटले मागे घ्यायची घोषणा सरकार करतं, पण घोषणेने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने परवानगी द्यावी लागते, कलम ३६०. तुमच्या खटल्यात तो आदेश झालाय का, हे कोर्टात जाऊन बघा.

ही सगळी कामं निकालाच्या आधी करा. कॅप राउंडची यादी लागल्यावर कॉलेजला हजर व्हायला मोजके दिवस असतात, आणि कोर्टाच्या नकला विभागात आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मिळेल याची खात्री नाही. अर्ज आज टाका, दोन प्रती मागा, एक घरी ठेवा आणि एक प्रवेशाच्या फाइलमध्ये.