तीस अंशांची सवलत

प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या मैदानावर मालमोटारींची जी तपासणी चालते आणि जिला चालक-मालक सरसकट ‘पासिंग’ म्हणतात, तिच्यामागे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५६ उभे आहे. योग्यतेच्या दाखल्यावाचून परिवहन वाहनाची नोंदणीच वैध मानू नये, असा त्याचा दंडक असून, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत हा दाखला दोन वर्षांच्या मुदतीचा आणि त्यानंतर एकेका वर्षाचा असतो. दिवे, ब्रेक, टायर, धूर अशा अनेक बाबींचा येथे झाडा घेतला जातो. परंतु स्टेअरिंगचे प्रकरण सर्वांहून नाजूक. ब्रेकने दगा दिला, तर कसलेला चालक गिअर उतरवून वा हातब्रेक ओढून वेगाला काही अंशी तरी आवर घालू शकतो. धावत्या गाडीच्या स्टेअरिंगचा सांधा निखळला, तर मात्र पुढची चाके कोणाचेही ऐकेनाशी होतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ वा नियम या यंत्रणेची व्यवस्था लावतो. स्टेअरिंगचे चक्र फिरविले असता पुढची चाके हलण्यापूर्वी जी मोकळी चाल जाते, गॅरेजात जिला ‘प्ले’ म्हणतात, ती ३० अंशांहून अधिक असता कामा नये. जोडदांड्यांच्या बॉलजॉइंटांवर रबरी टोप्या असाव्यात. आणि जेथे बोल्ट वा पिना असतील तेथे त्या निसटणार नाहीत अशा अडकविलेल्या असाव्यात, हा त्याचा आशय. अमेरिकेच्या संघीय नियमांत हीच मर्यादा चक्राच्या कडेवर इंचांनी मोजतात : २० इंच व्यासाच्या चक्राला, पॉवर स्टेअरिंग असल्यास, सव्वापाच इंच, नसल्यास अडीच. हिशेब मांडला तर सव्वापाच इंच म्हणजे जवळपास आपलेच ३० अंश. परंतु पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीला तेथे १४ अंशांच्या आसपासच सवलत मिळते, आणि आपला नियम असा भेद करीत नाही.

मोजण्याची रीत सोपी आहे. पुढची चाके सरळ ठेवावीत, पॉवर स्टेअरिंग असल्यास इंजिन चालू ठेवावे, टायर हलू लागेपर्यंत चक्र एका बाजूस वळवून कडेवर खूण करावी, आणि उलट दिशेने तसेच करून दोन खुणांमधील अंतर पाहावे. परंतु हाती येणारा आकडा ही एक बेरीज आहे, हे ज्याला उमगले तोच खरा परीक्षक. स्टेअरिंग बॉक्समधील झीज, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक आणि टाय रॉड यांच्या सांध्यांची थोडथोडी ढिलाई, हे सारे त्या आकड्यात जमा होते. चार-पाच ठिकाणी विभागलेली २५ अंशांची चाल आणि एकाच झिजलेल्या बॉलजॉइंटमध्ये साठलेली २० अंशांची चाल यांत आकडा दुसरीचा लहान असला, तरी भय तिचेच अधिक.

म्हणून एक माणूस गाडीखाली शिरतो. वर बसलेला साथीदार चक्र डावी-उजवीकडे हिसकत राहतो, आणि खालचा पाहतो की, दांडी सरकण्याआधी सांधाच कोठे उडी घेतो काय. चेसिसवरचे बोल्ट ढिले होऊन सबंध बॉक्सच तर हलत नाही ना. फाटक्या टोपीतून धूळ शिरून ग्रीस वाळले आहे काय. आणि स्प्लिट पिनच्या जागी कोणी तारेचा तुकडा तर गुंडाळला नाही ना. ड्रॅग लिंकवर वेल्डिंगचा डाग दिसला, तर गाडी तेथल्या तेथे नामंजूर व्हावी. कारण त्या उष्णतेने पोलादाचा कस बिघडतो. किंग पिनची झीज तर चक्रावरील आकड्यात नीटशी उमटतही नाही. तिच्यासाठी अॅक्सल जॅकवर उचलून टायर वर-खाली हलवितात, आणि ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष व्हील बेअरिंगचा, चालूच राहिले तर किंग पिनचा, असा निवाडा करतात.

स्वयंचलित चाचणी केंद्रांत हिसके देण्याचे काम आता चाकांखालच्या सरकत्या पोलादी पट्ट्यांकडे आले आहे, आणि साइड स्लिपच्या यंत्रावरून गाडी नेली की, पुढची चाके किलोमीटरमागे किती मीटर बाजूला ओढतात तेही कळते. तरीही कोणता सांधा उसळला, हे खड्ड्यात उभे राहून बॅटरीच्या उजेडात हेरणे माणसाच्याच डोळ्याकडे राहिले आहे. ९८ व्या नियमाने अंशांच्या मापाला टोप्या आणि पिना यांची जोड दिली, तिचे महत्त्व येथे पटते. चक्रावरचा आकडा केवळ बेरीज सांगतो, पण दाखल्यावर सही करणारा त्या बेरजेतील प्रत्येक रकमेची जबाबदारी घेत असतो.