बटण दाबले, पण संगणक गप्प!

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन सुटे भाग मागवून घरी संगणक जोडणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. बहुतेक भाग चुकीच्या जागी बसणारच नाहीत अशा घडणीचे असतात आणि हत्यार म्हणून एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो. खरी परीक्षा होते ती पहिल्यांदा बटण दाबल्यावर. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही. साठवलेले पैसे त्या पेटीत गेलेले असतात, त्यामुळे ‘काहीतरी जळले’ हीच शंका आधी येते. पण पहिल्याच जोडणीत दोष बहुधा जळलेल्या भागात नसतो. एखादी पिन नीट बसलेली नसते, इतकेच.

तो शोधायचा तर बटण दाबल्यावर काय होते, हे माहीत हवे. जुन्या संगणकांत बटण थेट विजेचा प्रवाह जोडत किंवा तोडत असे. 1995 मध्ये आलेल्या ‘एटीएक्स’ रचनेने हे बदलले. आता भिंतीवरचा स्विच चालू असला की एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, मदरबोर्डला 5 व्होल्टचा बारीक पुरवठा सतत देत राहतो. कॅबिनेटचे बटण मदरबोर्डला फक्त इशारा देते. मदरबोर्ड तो एसएमपीएसकडे पोहोचवतो आणि मगच मुख्य पुरवठा सुरू होतो. या साखळीतली एक कडी जरी सुटली, तरी संगणक ढिम्म हलत नाही.

म्हणून तपासणी भिंतीपासून सुरू करावी. त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून पाहावा. एसएमपीएसच्या मागे छोटा स्विच असतो. त्यावरची उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. हा स्विच विसरणारे पुष्कळ असतात. अनेक मदरबोर्डांवर बारीक दिवा असतो. तो लागला असेल, तर वीज बोर्डापर्यंत पोहोचते आहे.

पुढची पायरी केबलची. त्यांना हात लावण्याआधी मागचा स्विच बंद करून पॉवर कॉर्ड काढावी, कारण संगणक बंद दिसला तरी 5 व्होल्टचा पुरवठा चालूच असतो. 24 पिनांचा मोठा कनेक्टर खटका बसेपर्यंत दाबावा. प्रोसेसरसाठी 4 किंवा 8 पिनांची वेगळी केबल असते. तिची जागा बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असल्याने ती हमखास राहून जाते.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक वायरमुळे. ती शेजारच्या रिसेटच्या पिनांवर बसली, तर बटण कितीही दाबले तरी उपयोग नाही. मदरबोर्डच्या पुस्तिकेतील आकृती पाहून ती लावावी. बटणाच्या वायरला उलटसुलट चालते; दिव्याच्या वायरला मात्र अधिक-उणे पाहावे लागते. बटणाबद्दलच शंका असेल, तर वायर काढून, पॉवर कॉर्ड पुन्हा लावून, त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर एकदम टेकवावे. संगणक सुरू झाला, तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे.

पंखा जरासा फिरून लगेच थांबत असेल, तर शॉर्ट सर्किटचा संशय घ्यावा. अशा वेळी एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. कॅबिनेटमध्ये मदरबोर्डखाली पितळेचे छोटे स्टँडऑफ असतात. त्यातला एखादा चुकीच्या जागी राहिला किंवा सुटलेला स्क्रू बोर्डाखाली अडकला, की असे घडते. मग मदरबोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि प्रोसेसर, त्याचा पंखा, एकच रॅम व एसएमपीएस एवढ्यावर चालवून पाहावा. चालला, तर एकेक भाग पुन्हा जोडत जावा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर नेमके कशाने जमले ते कळत नाही. पंखे फिरत राहतात पण मॉनिटर काळाच राहतो, हे दुखणे वेगळे. तेव्हा रॅम काढून घट्ट बसवावी आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डातच लावली आहे ना, ते पाहावे.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. घरातली 230 व्होल्टची वीज आत सुमारे 325 व्होल्ट एकदिश दाबात बदलते आणि कपॅसिटरमधला हा भार कॉर्ड काढल्यानंतरही काही काळ राहतो. त्याचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. दुसरे म्हणजे, एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्याला लावू नयेत. कनेक्टर सारखे दिसले तरी डब्याकडच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि तेव्हा मात्र भाग खरोखरच जळतात.

एवढे करूनही संगणक गप्पच राहिला, तर आधी चालू अवस्थेतला दुसरा एसएमपीएस त्याच्या स्वतःच्या केबलसह लावून पाहावा. त्यानेही जमले नाही, तर काय काय तपासले याची यादी घेऊन दुकानात जावे. वॉरंटी असते ती याच वेळेसाठी. डबा उघडल्याने ती मात्र जाऊ शकते.