झोपेंत अडखळणारा श्वास

गिरगांवच्या किंवा लालबागच्या एखाद्या जुन्या चाळीच्या गॅलरीतून रात्रीं दोनच्या सुमारास चालत गेलें, तर दाराआडून निरनिराळ्या घोरण्यांचे सूर ऐकूं येतात. चाळकऱ्यांना ते इतके परिचित असतात, कीं कोणत्या खोलींत कोण निजला आहे हें नुसत्या आवाजावरून सांगणारीं माणसेंही आढळतात. घोरण्याकडे विनोदाचा विषय म्हणून पाहण्याची आपल्याकडील रीत थेट रामायणांतल्या कुंभकर्णापर्यंत मागें जाते. जो मोठ्यानें घोरतो त्याला झोप गाढ लागली आहे, अशी त्या विनोदामागें समजूत असते. वस्तुस्थिति पुष्कळदां याच्या नेमकी उलट असते.

या आवाजांत एखादा असा असतो, कीं तो चढत चढत जातो आणि एकदम तुटतो. दहा, वीस, कधीं तीस सेकंदही कांहीं ऐकूं येत नाहीं. वरचा पंखा तेवढा फिरत असतो. मग बुडणाऱ्या माणसानें पाण्याबाहेर डोकें काढावें तसा एक मोठा उसासा येतो, अंग हिसडतें आणि घोरणें पुन्हा सुरू होतें. शेजारीं जागें असणाऱ्याला वाटतें, आवाज थांबला, आतां स्वस्थ झोप लागली. धोका असतो तो त्या शांततेंतच.

नाकापासून फुप्फुसांपर्यंतचा श्वासाचा मार्ग बहुतेक ठिकाणीं हाडांनीं अथवा कूर्चांनीं ताठ राखलेला आहे. अपवाद घशाचा. पडजिभेपासून स्वरयंत्रापर्यंतचा हा टप्पा केवळ मांसल आहे. गिळणें आणि बोलणें या दोन कामांसाठीं तो लवचिक असावाच लागतो. जागेपणीं तेथील स्नायु ताणलेले असतात, म्हणून वाट खुली राहते. झोप लागली कीं ते सैल पडतात. ज्याचा घसा मुळांतच अरुंद, गळ्याभोंवतीं मेद साठलेला, खालचा जबडा आंखूड किंवा टॉन्सिल्स वाढलेले, त्याच्या घशाच्या भिंती उताणें निजल्यावर एकमेकींना टेकूं लागतात. वाट अर्धवट मिटली तर त्या भिंती थरथरतात, तेंच घोरणें. पुरती मिटली, म्हणजे छाती व पोट धडपडत असूनही हवा आंत जात नाहीं. रक्तांतला प्राणवायु उतरूं लागतो, मेंदूला सूचना मिळते आणि तो माणसाला त्याच्या नकळत क्षणभर जागें करतो. स्नायु आवळतात, हवा शिरते, डोळा पुन्हा लागतो आणि तोच प्रकार पुन्हा आरंभ होतो. या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया हा मूळ ग्रीक शब्द असून श्वासाचा अभाव हा त्याचा अर्थ. मराठींत निद्राश्वासरोध असें म्हणतां येईल. परंतु रोग्यांच्या आणि डॉक्टरांच्याही तोंडीं इंग्रजी नांवच रुळलें आहे.

श्वास निदान दहा सेकंद थांबला तर ती एक खेप धरतात. तो पुरता न थांबतां बराच उणावला तरी तीही हिशेबांत येते. ताशी पांचांहून कमी खेपा या स्वाभाविक मानल्या जातात. पंधरापासून पुढें विकार मध्यम आणि तीसपासून पुढें तीव्र. ताशीं तीस म्हणजे सहा तासांच्या झोपेंत एकशें ऐंशी वेळां गुदमरणें, आणि तितक्याच वेळां अर्धवट जागें होणें. असा मनुष्य सकाळीं उठतो तेव्हां घड्याळाप्रमाणें तो पुष्कळ झोपलेला असतो, शरीराप्रमाणें मुळींच नाहीं.

विलक्षण गोष्ट ही, कीं रोग्याला यांतलें कांहींच ठाऊक नसतें. त्याला ठाऊक असतें तें एवढेंच: सकाळीं डोकें जड असतें, तोंडाला कोरड पडते, रात्रीं दोन-तीनदां लघवीस उठावें लागतें, दुपारीं वर्तमानपत्र हातांतून गळतें आणि क्षुल्लक कारणावरून मुलांवर ओरडलें जातें. याचा दोष तो वयाला, वजनाला किंवा रात्रपाळीला देतो. रक्तदाबाच्या गोळ्या वाढत जातात, दाब मात्र उतरत नाहीं. स्त्रियांत हा विकार कमी, असा एक समज आहे. ऋतुनिवृत्तीनंतर त्यांच्यांतही त्याचें प्रमाण पुष्कळ वाढतें. परंतु त्या घोरण्याबद्दल बोलत नाहींत, थकव्याबद्दल व झोप न लागण्याबद्दल बोलतात, आणि त्यामुळें कारण बाजूला राहून निराळेंच औषध सुरू होतें. कृश माणसाला हा रोग होत नाहीं ही समजूतही खरी नव्हे. जबड्याच्या ठेवणीमुळें सडपातळ माणसांतही तो आढळतो.

ज्या रोगाचा रोगी स्वतः साक्षीदार नाहीं, त्याला दुसरा साक्षीदार हवा. आणि या बाबतींत मुंबईच्या एका खोलीच्या बिऱ्हाडानें एक उपकार केला आहे. १९२० नंतरच्या दशकांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड येथें उभ्या राहिलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारें १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेंत आईबाप, मुलें आणि गांवाहून आलेला पाहुणा, सर्व एकत्र निजत. तेथें श्वास थांबला तर तो कोणाच्या ना कोणाच्या कानावर येणारच. प्रशस्त सदनिकेंत घोरण्याला कंटाळून नवराबायकोंनीं स्वतंत्र खोल्या केल्या, म्हणजे हा साक्षीदार नाहींसा होतो. घरच्या माणसानें पांच मिनिटें घड्याळ समोर ठेवून आवाज किती वेळां तुटला हें मोजलें, अथवा मोबाइलवर तो टिपून घेतला, तर डॉक्टरला त्या टिपणाचा मोठा उपयोग होतो.

दिवसाची झोप मोजण्याची एक प्रश्नावली मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तींत आठ प्रसंग दिले असून, वाचतांना, दूरदर्शन पाहतांना, वाहनांत तासभर बसलें असतां डुलकी लागण्याचा संभव किती, याला शून्य ते तीन गुण द्यावयाचे असतात. एकूण चोवीसांपैकीं दहाच्या वर गुण झाले तर चौकशी करावी. मुंबईकराला ही प्रश्नावली जरा फसवी ठरते. दादरला गाडींत चढून जागा मिळाली, कीं ठाण्यापर्यंत डोळे मिटणें हा येथें रोग नव्हे, शिरस्ता आहे. सर्वच डुलत असतात, म्हणून जो खरा आजारी तो त्या गर्दींत लपून जातो. रोज उतरण्याचें स्थानक चुकणें, बोलतां बोलतां मान कलंडणें, स्कूटरवर सिग्नलला उभें असतां डोळा लागणें, हीं लक्षणें मात्र शिरस्त्यांत बसत नाहींत. टॅक्सी, बस किंवा ट्रक हांकणाऱ्याच्या बाबतींत तर तीं एकट्याच्या प्रकृतीचा प्रश्न राहत नाहींत.

हा विकार येथें किती पसरला आहे, याचा एक महत्त्वाचा शोध मुंबईंतच झाला. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, नेहमींच्या आरोग्यतपासणीसाठीं आलेल्या ३५ ते ६५ वर्षें वयाच्या ६५८ पुरुषांना प्रश्न विचारले आणि त्यांपैकीं २५० जणांची रात्रभर त्यांच्या घरींच झोपेंत तपासणी केली. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत झोपेंतील श्वासाचा दोष शेंकडा साडेएकोणीस, आणि त्याबरोबर दिवसा पेंग येण्याची तक्रार असलेला पूर्ण विकार शेंकडा साडेसात पुरुषांत निघाला. हे पुरुष रोगी म्हणून आलेले नव्हते, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. तरीही या नांवाची सामान्य माणसाला ओळख झाली ती पुष्कळ उशिरां. फेब्रुवारी २०२२ मध्यें संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईंत निवर्तले आणि मृत्यूच्या कारणांत डॉक्टरांनीं स्लीप ॲप्नियाचें नांव घेतलें, तेव्हां तो शब्द घरोघर पोहोंचला.

युरोपांतही वैद्यकापेक्षां कादंबरी आधीं जागी झाली होती. डिकन्सच्या १८३६-३७ मधील ‘पिक्विक पेपर्स’मध्यें जो नांवाचा एक लठ्ठ पोऱ्या उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. १९५६ सालीं अमेरिकन डॉक्टरांनीं अतिस्थूल व झोपाळू अशा रोग्यांच्या अवस्थेला या कादंबरीचेंच नांव दिलें. झोपेंत श्वास खंडित होतो, हें मात्र १९६५ मध्यें फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनीं नोंदलें. त्यानंतरचा उपाय कठोर होता. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावयाची आणि रात्रीं त्या वाटेनें श्वास घ्यावयाचा. असल्या शस्त्रक्रियेला एक रोगी तयार होईना, म्हणून १९८० च्या जूनमध्यें सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनीं वेगळी युक्ति योजली. व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा उलटा जोडून त्याची हवा नळीनें नाकावरच्या मुखवट्यांत सोडली. घसा फुगून खुला राहिला आणि रोगी रात्रभर शांत झोपला. पांच रोग्यांचा हा वृत्तांत १९८१ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें छापला गेला. आज सीपॅप या नांवानें मिळणारें यंत्र याच युक्तीचें सुधारलेलें रूप आहे.

या यंत्राविषयीं पहिला गैरसमज असा, कीं त्यांत ऑक्सिजन असतो. तो नसतो. खोलींतलीच हवा गाळून, थोड्या दाबानें नळींत लोटणारा तो एक पंखा आहे. दाब पाण्याच्या चार ते वीस सेंटिमीटर उंचीइतका ठेवतां येतो. पेल्यांतल्या पाण्यांत नळी दहा सेंटिमीटर बुडवून पहिला बुडबुडा येईपर्यंत फुंकावें; लागणारा जोर हाच बहुतेकांना पुरणारा दाब. तो किती असावा हें तपासणीवरून डॉक्टर ठरवितो. शेजाऱ्याच्या यंत्राचा आंकडा आपल्याला चालत नाहीं. दुसरा गैरसमज, कीं एकदां सवय लागली म्हणजे सुटत नाहीं. खरें पाहतां यंत्र रोग बरा करीत नाहीं आणि सवयही लावीत नाहीं. चष्म्याप्रमाणें तें लावलें असेल तेवढाच वेळ उपयोगी. काढून ठेवलें, कीं घसा पुन्हा मिटूं लागतो.

किंमत दहा हजारांच्या पटींत मोजावी लागते, म्हणून प्रथम महिना-दोन महिने भाड्यानें घेऊन पाहणें शहाणपणाचें. जुनें यंत्र स्वस्तांत घेतांना एक गोष्ट आठवावी: २०२१ च्या जूनमध्यें फिलिप्स कंपनीनें, आवाज शमविण्यासाठीं घातलेला फोम झिजून त्याचे कण श्वासांत जाण्याचा संभव असल्यामुळें, आपलीं लक्षावधि यंत्रें जगभर परत मागविलीं होतीं.

पैशापेक्षां अवघड असते ती लाज. परळच्या एखाद्या खोलींत, जेथें चार माणसें एका रांगेंत निजतात, तेथें चेहऱ्यावर पट्टे बांधून नळी लावून झोपणें म्हणजे आपण रुग्णालयांत असल्याचें सर्वांना दाखविणें, असें पुरुषाला वाटतें. करोनाच्या सांथींत मुखवटा आणि नळी हीं मरणाच्या दाराचीं चिन्हें होऊन बसलीं. नातू भितो, आई रडते, मुलीला पाहावयास येणाऱ्यांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून यंत्र कपाटांत जातें आणि मग तेथेंच राहतें. पुष्कळांचें यंत्र दोषामुळें नव्हे, या संकोचामुळें बंद पडतें. पहिले कांहीं दिवस तें दुपारीं, सर्वांच्या देखत, दूरदर्शन पाहतांना अर्धा तास लावून बसावें, हा उपाय दोन्ही अडचणींवर लागू पडतो. रोग्याला सवय होते, घरच्यांची भीति जाते.

बाकीच्या अडचणी बारीक, पण खोलीच्या मापाच्या आहेत. यंत्र जमिनीवर ठेवलें तर धूळ व मुंग्या. एका पाटावर ठेवणें बरें. त्यांत हवा ओलसर करण्याचें पाण्याचें भांडें असेल तर तें डोक्याच्या पातळीहून खालीं असावें लागतें, नाहींतर पाणी नळींत उतरतें. गादी जमिनीवर घालणाऱ्याला हें जमत नाहीं. सुदैवानें मुंबईच्या दमट हवेंत, विशेषतः पावसाळ्यांत, त्या भांड्यावांचून पुष्कळांचें चालतें. मिशाळ माणसाचा मुखवटा कडेनें गळतो; नाकपुड्यांना टेकणारा लहान प्रकार त्याला सोईचा. लालबागच्या मसाल्याच्या बाजारालगत उन्हाळ्यांत मिरच्या कुटल्या जातात तेव्हां हवेंतला खाट गाळणी पुरता अडवूं शकत नाहीं. त्या दिवसांत खिडकी लावून घ्यावी आणि गाळणी अधिक वेळां पाहावी. यंत्राचा आवाज म्हणाल, तर तो छताच्या जुन्या पंख्याखालीं ऐकूंही येत नाहीं. पत्नीची तक्रार बहुधा निराळीच असते. मुखवट्याच्या छिद्रांतून निघणारा वारा तिच्या कानावर येतो.

आणि लाभ? पेंग जाते, डोकें हलकें होतें, रक्तदाब थोडा उतरतो. हें पुष्कळांना पहिल्या आठवड्यांतच कळतें. हृदयविकार टळतो असें मात्र छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या, हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधींच असलेल्या २,७१७ रोग्यांवरील एका मोठ्या प्रयोगांत यंत्र वापरणारे व न वापरणारे यांच्यांत पुढील झटक्यांचें प्रमाण सारखेंच निघालें. मात्र त्यांतील रोगी रात्रीं सरासरी अवघे ३.३ तासच यंत्र लावीत होते, हीही त्याच प्रयोगाची नोंद आहे. पहाटे तीन वाजतां झोपेंत मुखवटा ओढून काढणाराची उरलेली रात्र उघडीच जाते. वजन उतरविणें, निजण्यापूर्वीं मद्य व झोपेच्या गोळ्या टाळणें आणि कुशीवर झोपणें यांनीं सौम्य विकार पुष्कळ आटोक्यांत येतो. तीव्र विकारांत तीं यंत्राच्या जोडीला हवींत.

गणपतीला कोंकणांत जाणाऱ्याचा प्रश्न शेवटीं उरतोच. मुंबई बेटांत वीज सहसा जात नाहीं. गांवीं भाद्रपदाच्या पावसांत ती जाते आणि रात्रभरही येत नाहीं. यंत्राला बॅटरी जोडतां येते. ओलाव्याचें तापतें भांडें काढून ठेवलें तर ती पुष्कळ अधिक वेळ पुरते. बॅटरी नसेल तर पाठीला उशांची उतरंड रचून अर्धवट बसल्यासारखें, किंवा कुशीवर, निजावें. मुखवटा, नळी व यंत्र एका पिशवींत मावतात, वजन दोन-तीन किलो भरतें. पिशवी सामानाच्या ढिगांत खालीं जाऊं देऊं नये आणि प्रवासाच्या आदल्या दिवशीं भांड्यांतलें पाणी ओतून तें कोरडें करून ठेवावें.