बोंबलाची पिशवी आणि नागोठण्याचा मनोरा

वडखळच्या नाक्यावर सुके बोंबील घ्यावेत, पिशवीला दोन गाठी माराव्यात, वर आणखी एक पिशवी चढवावी. तरी पेण येईपर्यंत एसटीतल्या माना आपल्याकडे वळतातच. दोष गाठीचा थोडा, प्लास्टिकचा जास्त. पॉलिथिनच्या पापुद्र्याला भोके नसली तरी वासाचे रेणू त्यात चक्क विरघळतात, बहुवारिकाच्या साखळ्यांमधून सरकत पलीकडे निघतात. थॉमस ग्रॅहॅमने 1866 मध्ये रबराबद्दल हेच ताडले होते.

हे पॉलिथिन याच मुंबई-गोवा महामार्गावर, नागोठण्याला बनते. भट्टीत इथेन तापवून फोडले की त्यासाठी लागणारे इथिलीन मिळते, पण न फुटलेले इथेनही सोबत येते. ही जोडी मोठी चिवट. इथेन उणे 89 अंशांना उकळते, इथिलीन उणे 104 ला. म्हणून दाबाखाली कडाक्याचे थंड करून, शंभराहून अधिक थाळ्यांच्या मनोऱ्यात ते पुन्हापुन्हा उकळायचे आणि निववायचे. प्रोपेन-प्रोपिलीनमध्ये तर फरक पाच-सहा अंशांचाच. अलिबागजवळ उसरला गेलने हाती घेतलेल्या 5 लाख टनी प्रकल्पाची गाठ याच जोडीशी आहे. इथिलीन-प्रोपिलीनच्या शुद्धीकरणात जगातली 0.3 टक्के ऊर्जा जाते, असे शॉल आणि लाइव्हली यांनी 2016 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले.

मनोऱ्याऐवजी पापुद्राच का लावू नये? चाळणी म्हणून तो फारसा कामाचा नाही, कारण दोन्ही रेणू जवळपास एकाच मापाचे. मात्र इथिलीनच्या दुहेरी बंधाला चांदीच्या आयनांची ओढ असते. चांदी पेरलेल्या पटलातून ते हातोहात पुढे जाते, इथेन खोळंबते. प्रयोगशाळेत हे छान जमते. कारखान्यातल्या वायूत असिटिलीन किंवा गंधकाची संयुगे चुकून आली, की चांदी नासते. शिवाय प्रोपिलीनसारखे वायू पिऊन बहुवारिक भिजल्या पोह्यांसारखे फुगते. मग कुणालाही आत सोडते.

एका जागी मात्र पटल खरोखर कामाला लागले आहे. पॉलिप्रोपिलीनच्या भुकटीत अडकलेले प्रोपिलीन नायट्रोजनने झटकून काढतात. पूर्वी हे मिश्रण थेट मशालीवर जळायचे. आता जगातल्या अनेक कारखान्यांत ते सिलिकॉन रबराच्या पटलाकडे वळवतात. प्रोपिलीनचा रेणू नायट्रोजनपेक्षा मोठा, तरी तोच आधी पार होतो, कारण तो रबरात जास्त विरघळतो. बोंबलाच्या वासाचेही तसेच.