विवाद्य ऐतिहासिक विधानांचे संदर्भांकन

विवाद्य ऐतिहासिक विधानांचे संदर्भांकन म्हणजे ज्या घटनेविषयी वा तिथीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, तिच्याबद्दलचे विधान कोणत्या साधनावर उभे आहे हे वाचकास तपासता येईल अशा रीतीने नोंदविणे. अनेकांच्या हातून घडणाऱ्या मुक्त ज्ञानकोशात लिहिणाऱ्याचा अधिकार वाचकाला ठाऊक नसतो. म्हणून विधानाचा सारा भार संदर्भावरच पडतो.

छत्रपती शिवाजी महाराजांची जन्मतिथी हे याचे ठळक उदाहरण होय. वैशाख, शके १५४९ (इ.स. १६२७) ही मिती दीर्घकाळ रूढ होती. तिचा आधार मुख्यत्वे उत्तरकालीन बखरींचा होता. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रकाशात आणली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद मिळाली. पुढे कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या समकालीन संस्कृत काव्यातही हीच तिथी आढळली, आणि जोधपूर येथे मिळालेल्या कुंडलीने तिला पुष्टी दिली. देशमुख घराण्यातील टिपणे, राजाश्रयातील काव्य आणि दूरच्या राजस्थानातील कुंडली ही साधने निरनिराळ्या परंपरांतील आहेत, हेच त्यांचे बळ. उलट एका बखरीवरून दुसरी रचली गेली असेल, तर दोन्ही मिळून साक्ष एकच ठरते. दहा आधुनिक पुस्तकांनी तोच मजकूर उतरविला, तरी त्यात भर पडत नाही.

महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली आहे. शासननिर्णयाने जयंतीचा दिवस ठरतो, पुरावा ठरत नाही. लेखात त्याची नोंद 'निर्णय' म्हणूनच व्हावी. जुन्या मितीचाही उल्लेख राहावा, मात्र दोन्ही पक्ष तुल्यबल असल्याचा भास होऊ नये. 'काही अभ्यासकांच्या मते' एवढेच लिहून भागत नाही. अभ्यासक, ग्रंथ व पृष्ठ सांगावे लागते. अन्यथा 'संदर्भ हवा' ही खूण लागते, आणि ती लावणाऱ्यावर रागावण्याचे कारण नसते.

वर्तुळाकार संदर्भ हा अधिक फसवा दोष. ज्ञानकोशातील निराधार वाक्य वृत्तपत्र उचलते आणि कालांतराने तेच वृत्तपत्र त्या वाक्याखाली संदर्भ म्हणून येऊन बसते.

कालगणनेमुळेही अनावश्यक वाद उद्भवतात. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन तारीख असून ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. ही 'चूक' सुधारण्यास सरसावलेल्या संपादकाने आधी चर्चापान वाचावे.