पद्धत अधिक्रमण

(मेथड ओव्हररायडिंग). वस्तुकेंद्री संगणक आज्ञावलीत मूळ वर्गाकडून वारशाने मिळालेली पद्धत उपवर्गाने त्याच नावाने, परंतु स्वतःच्या कृतीसह पुन्हा लिहिणे, यास पद्धत अधिक्रमण म्हणतात. समान गुणधर्म असलेल्या वस्तूंच्या आराखड्यास ‘वर्ग’ आणि त्यात नमूद केलेल्या कृतीस ‘पद्धत’ ही संज्ञा आहे. उपवर्गास मूळ वर्गाच्या पद्धती आपोआप लाभतात. त्यांपैकी जी लागू पडत नाही तेवढीच त्याने बदलावयाची असते.

पनवेलहून पुण्यास जाण्याचा मार्ग सांगणारी आज्ञावली उदाहरणादाखल घेता येईल. ‘वाहन’ या मूळ वर्गातील ‘मार्ग’ ही पद्धत २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग सुचविते. ‘मोटार’ व ‘बस’ हे उपवर्ग ती जशीच्या तशी वापरतात. द्रुतगती महामार्गावर दुचाकींना मात्र मनाई आहे. म्हणून ‘दुचाकी’ हा उपवर्ग तिचे अधिक्रमण करून खोपोलीवरून जाणारा जुना महामार्ग सुचवितो. आज्ञा सर्व वाहनांना एकच दिली जाते. कोणती कृती घडावी, हे वस्तूच्या प्रत्यक्ष वर्गावरून आज्ञावली चालू असताना ठरते. या गुणास बहुरूपता म्हणतात.

या संकल्पनेचा उगम ओले-योहान दाल व क्रिस्तेन नीगोर या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांच्या ‘सिम्युला ६७’ (१९६७) या भाषेत आढळतो. सी प्लस प्लसमध्ये मूळ पद्धत ‘व्हर्च्युअल’ म्हणून घोषित करावी लागते. जावामध्ये ‘फायनल’ म्हणून घोषित केलेल्या पद्धतीचे अधिक्रमण करता येत नाही.

अधिक्रमणासाठी पद्धतीचे नाव, तसेच तिला पुरवावयाच्या मूल्यांची संख्या व प्रकार जुळावे लागतात. नावात एका अक्षराची चूक झाली, तरी उपवर्गात निराळीच पद्धत तयार होते. मूळ पद्धत अबाधित राहते आणि दुचाकीस्वारास मनाई असलेलाच मार्ग सांगितला जातो. आज्ञावली मात्र विनातक्रार चालते. यावर उपाय म्हणून जावामध्ये २००४ पासून व सी प्लस प्लसमध्ये २०११ च्या मानकापासून ‘ओव्हरराइड’ ही खूण उपलब्ध आहे. ती लिहिल्यास व मूळ वर्गात जुळणारी पद्धत नसल्यास संकलक चूक दाखवितो.

उपवर्गाने कृती बदलली, तरी मूळ पद्धतीने दिलेली हमी पाळणे आवश्यक असते. मार्ग कोणताही असो, तो पुण्यासच पोहोचला पाहिजे. या तत्त्वाची मांडणी बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये केली. त्याचे पालन न झाल्यास मूळ वर्गावर विसंबून लिहिलेला आज्ञावलीचा उर्वरित भागही सदोष ठरतो.